चांगदेवशिवाय पोपटी

संध्याकाळी सातला सीतारामने नागावच्या आपल्या वाडीत पोपटीच्या मडक्याला जाळ लावला. आत वालाच्या शेंगा, अंडी आणि भांबुर्ड्याचा पाला होता. मडक्यावर पाणी शिंपडून, चर्र आवाजावरून पोपटी झाली की नाही ते दरवर्षी शेजारचा चांगदेव सांगायचा. बायको गेल्यावर तो पनवेलला मुलाकडे राहायला गेला. आज मात्र येतो म्हणाला होता.

वाडीत उतरलेल्या पुण्याच्या परेशने बाटली पुढे केली. "काका, कोकमाची बिअर. एक मित्र स्वतः बनवतो."

सीतारामने घोट घेतला. "मित्राला सांग, सोलकढी नासली की अशीच लागते."

परेश खो खो हसला. "बरं, शेंगा झाल्या का?"

"चांगदेवला येऊ दे."

"तोवर कोळसा होईल, काका!"

सीतारामने पाणी शिंपडलं. चर्र झालं, पण त्याला काहीच कळेना. शेवटी त्याने अंदाजानेच मडकं उतरवलं. शेंगा कच्च्या निघाल्या.

त्याने फोन लावला. चांगदेवच्या मुलाने, प्रज्योतने उचलला.

"काका, बाबा मोबाइल घरीच विसरले. पोचले ना?"

"न्हाय रे. कधी निघाला?"

"दुपारी एकच्या एसटीने."

पनवेलहून यायला फार तर तीन तास लागतात. तेव्हा साडेसात वाजले होते.