अठ्ठेचाळीस हजार नऊशे बारा

गोकुळ वाघचौरे वाळूजच्या एका कारखान्यात मशिनींच्या देखभालीचं वेळापत्रक बनवायचा. कुठल्या मशिनचं ऑइल कधी बदलायचं, कुठला पट्टा तुटायच्या आधी काढायचा, हे सगळं त्याच्या तक्त्यात असायचं. नव्या कामगारांना तो दर महिन्याला एक भाषणही द्यायचा. मशिन कुरकुरायला लागायच्या आधी तिच्याकडं बघितलं पाहिजे, असा त्याचा सारांश असे. भाषण चांगलं होतं. स्वतः गोकुळलाही ते फार आवडायचं.

दीड वर्षापूर्वी त्यानं हर्सूलच्या एका निवृत्त मास्तरांकडून छोटी पांढरी गाडी घेतली. जुन्या पद्धतीची, काट्याचं स्पीडोमीटर आणि त्याखाली फिरणारे किलोमीटरचे आकडे. घेतली त्याच दिवशी तो ती घराजवळ, मुकुंदवाडीतल्या नूरमोहम्मदच्या गॅरेजवर दाखवायला घेऊन गेला. खरं म्हणजे मिरवायला.

नूरभाईंनी बॉनेट उघडलं, वाकून बघितलं आणि हात पुसत म्हणाले, "साहब, जुनी गाडी घेतली ना, तर पहिलं सगळं ऑइल बदलून टाकायचं. मागच्या मालकानं काय केलं, काय नाय, त्याचं त्याला माहीत. आपली गिनती आजपासून सुरू करायची. मग दहा हजार किलोमीटर नायतर एक वर्ष, जे आधी येईल ते."

बॉनेटच्या आत तारेला एक चिठ्ठी लटकत होती. 'पुढचं ऑइल ५०,०००.' मीटरवर होते सत्तेचाळीस हजार शंभर. गोकुळनं चिठ्ठीवर बोट ठेवलं. "अजून एकोणतीसशे बाकी आहेत, नूरभाई. वेळेआधी ऑइल बदलणं म्हणजे चांगला माल नालीत ओतणं. माझं रोजचं कामच हे आहे."

"तुम्ही इंजिनियर लोक," नूरभाई म्हणाले आणि बॉनेट लावून टाकलं. हे आपलं कौतुक आहे असं गोकुळनं धरलं.

त्यानंतर तो रोज मुकुंदवाडी ते वाळूज आणि परत असं त्या गाडीनं जाऊ लागला. महिना-दोन महिन्यांनी बायकोच्या, तनुजाच्या, माहेरी पाचोडला एक चक्कर व्हायची. तनुजा अधूनमधून विचारायची, "अहो, सर्व्हिसिंग कधी करायचं?" गोकुळ मीटरकडं बघायचा आणि म्हणायचा, "पन्नास हजार व्हायचेत अजून." आकडे सरकत होते, पण बेताबेतानं. एकदा त्यानं अॅव्हरेज काढलं, तर लिटरला पाच आलं. त्यानं पेट्रोल पंप बदलला. मग आणखी एक बदलला. शेवटी अॅव्हरेज काढणंच सोडून दिलं. जाता येता चाळीस किलोमीटर होतात हे त्याला तोंडपाठ होतं, महिन्याचे दिवस किती तेही ठाऊक होतं. एवढा एक गुणाकार तेवढा राहून गेला होता.

गेल्या महिन्यात सासूबाई, आवडाबाई, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी शहरात आल्या. आठ-दहा दिवस लेकीकडं राहिल्या. डॉक्टरांनी पट्टी काढली आणि आवडाबाईंना जग नव्यानं दिसायला लागलं. तेव्हापासून त्या दिसेल ते वाचत सुटल्या. औषधाच्या बाटल्या, कॅलेंडर, शेजाऱ्यांच्या दारावरच्या पाट्या. वाचायचं आणि मोठ्यानं सांगायचं.

रविवारी सकाळी गोकुळ त्यांना पाचोडला सोडायला निघाला. गुडघ्यांमुळं आवडाबाई पुढं बसल्या, तनुजा मागं. चिकलठाणा सुटेपर्यंत त्यांनी दुकानांच्या पाट्या वाचल्या, मग ट्रकांचे नंबर, मग मैलाचे दगड. आणि मधेच, नजर आत वळवून, "अठ्ठेचाळीस हजार नऊशे बारा."

"ते किलोमीटर आहेत, आई," गोकुळ कौतुकानं म्हणाला. "गाडी जेवढी चालली तेवढे."

"व्हय का. बरंय की."

पुन्हा दगड सुरू झाले. पाचोड चौतीस. पाचोड तीस. पाचोड सव्वीस. मग आवडाबाईंनी काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "जावईबापू, मगापासून नऊशे बाराच हाय की हो. बाहेरचे दगड तर पळायलेत."

"हळूहळू सरकतात ते, आई. तुमची नजर अजून बसायचीय."

"नजर लई झाक बसलीय माझी," आवडाबाई म्हणाल्या.

मागनं तनुजा वाकून मीटरकडं बघायला लागली. तिघंही बघत होते. पाचोड पंचवीसचा दगड आला आणि गेला. पाचोड चोवीसचाही गेला. आकडा ढिम्म.

गोकुळच्या डोक्यात तो राहिलेला गुणाकार आपोआप सुरू झाला. चाळीस गुणिले पंचवीस. एका महिन्याचे एक हजार. अठरा महिन्यांचे अठरा हजार. पाचोडच्या चकरा वेगळ्याच. वीस हजारांच्या वर गाडी पळाली होती, आणि मीटरमधल्या कुठल्यातरी झिजलेल्या दातेरी चाकानं त्यातले अठराशे मोजले होते. गेला आठवडाभर गाडी वळवताना मीटरशेजारी एक लाल दिवा लुकलुकत होता. वायर ढिली असेल, असं ठरवून तो त्यालाही मोकळा झाला होता. आत्ता तो दिवा लुकलुकत नव्हता. सरळ पेटलेला होता.

आडूळजवळच्या एका चहाच्या हॉटेलसमोर त्यानं गाडी बंद केली, बॉनेट उघडलं आणि ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली. दीड वर्षात पहिल्यांदा. टोकाला डांबरासारखा एक काळा ठिपका होता. बाकी पट्टी कोरडी.

त्यानं नूरभाईंना फोन लावला. दीड वर्षापूर्वीचं बोलणं ते विसरले असावेत अशी त्याची मनापासून इच्छा होती.

"चालू मत करो साहब, मी येतो," नूरभाई म्हणाले. आणि मग, "चिठ्ठी आहे का अजून बॉनेटमधी?"

तास-सव्वा तास थांबावं लागलं. आवडाबाई बाकावर ऐसपैस बसल्या. हॉटेलवर येणाऱ्या प्रत्येकानं गाडीला काय झालं असं विचारलं आणि प्रत्येकाला त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. "जावई मोठ्या कंपनीत मशिनींचं बघत्यात," इथून त्या सुरुवात करायच्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरा अभिमान होता, आणि त्यानंच गोकुळ जास्त ओशाळत होता. तिसऱ्यांदा ऐकताना त्याला हसू फुटलं. तनुजा तोंडाला पदर लावून केव्हाचीच हसत होती.

नूरभाई मोटरसायकलवर ऑइलचा डबा बांधून आले. त्यांनी ऑइल ओतलं, पट्टी पुसून दोनदा तपासली, मग किल्ली फिरवली आणि कान देऊन ऐकत राहिले. इंजिन खडखडलं, मग हळूहळू शांत झालं.

"वाचली," ते म्हणाले. "मास्तरांनी नीट सांभाळलेली दिसते."

"आणि मी?" गोकुळनं विचारलं.

"तुम्ही पण वाचलात साहब. थोडक्यात."

आवडाबाई आणि तनुजा काळीपिवळी जीपनं पुढं गेल्या. गोकुळ नूरभाईंच्या मोटरसायकलमागं गाडी हळूहळू चालवत परत आला. गॅरेजवर खालचा नट काढला तेव्हा मघाशी ओतलेलं ऑइलही काळंकुट्ट होऊन आलं, आणि त्यामागून जुनं गोळे होऊन ठिबकलं. फिल्टर, इंजिनचं ऑइल, ब्रेकचं ऑइल, सगळं बदललं. मीटर दुरुस्त होईल का असं नूरभाईंना विचारलं, तर ते म्हणाले, "होईल. पण तुम्ही तारीख लिहून ठेवा. तारीख अडकत नाय."

पुढच्या रविवारी तो एकटाच पाचोडला गेला, तनुजाला आणायला. सगळी मंडळी ओसरीवर वाट बघत होती. आवडाबाई सुरुवात करणार तोच गोकुळनं स्वतःच सांगायला घेतलं आणि होतं त्याहून वाईट सांगितलं. पेट्रोल पंपाचं तर कुणी विचारलंही नव्हतं, तेही सांगून टाकलं. सासरे डोळे पुसेपर्यंत हसले.

जेवणानंतर मेहुणा शिवराज त्याला अंगणात घेऊन गेला. इकडं तिकडं बघत हळू आवाजात म्हणाला, "दाजी, माझ्या गाडीचं बी जरा बघता का? घेतल्याला तीन वर्षं झाली. ते ऑइल-बिल म्हणजे... कुठं असतंय ते?"

गोकुळनं भाषण दिलं नाही. त्यानं बाह्या वर सारल्या आणि म्हणाला, "फडकं आण एक."