तोळ्याचा भाव

डॉक्टरीणबाईंच्या खोलीतल्या वजनकाट्यावर पाय ठेवताच तोळ्याने नकारार्थी मान हलवली. तुमचा काटा खोटं बोलतोय, असं त्याने बाईंना सरळ सांगून टाकलं. बाईंनी असे पेशंट पुष्कळ पाहिले होते. वजन जास्त भरलं की प्रत्येकाला काटाच खोटा वाटतो. पण हा पेशंट खाली उतरून गुडघ्यावर बसला, खिशातून बोटभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि बाई नको नको म्हणेपर्यंत त्याने काट्याची पत्र्याची पाठ उघडलीसुद्धा. आत कापसाचा एक बोळा अडकून बसला होता. तो काढून, स्प्रिंग पुसून, स्क्रू अर्धा वळसा फिरवून तो पुन्हा काट्यावर चढला. मघाशी ब्याण्णव दाखवणारी सुई आता चौऱ्याण्णववर जाऊन थांबली.

"आता खरं बोलतोय," तोळा म्हणाला, आणि मग आपण काय करून बसलो ते त्याच्या लक्षात आलं.

तोळा हे त्याचं टोपणनाव. वीस वर्षांपूर्वी काटेदुरुस्तीची पिशवी खांद्याला अडकवून तो बाजारात पहिल्यांदा फिरायला लागला, तेव्हा इतका हडकुळा होता की बेकरीवाल्याने त्याला हे नाव ठेवलं. पुढे माणूस किलोकिलोने वाढत गेला, नाव मात्र तोळाच राहिलं. अलीकडे जिना चढताना त्याला धाप लागायची, पायांना मुंग्या यायच्या, म्हणून बायकोने हात धुऊन मागे लागून इथे पाठवलं होतं.

बाईंनी रक्ताचा रिपोर्ट वाचून सांगितलं की साखर उंबरठ्यावर उभी आहे, अजून आत आलेली नाही, पण चपला काढून ठेवल्यात. मग त्यांनी दिवसभरात काय खाता ते विचारलं. घरी फारसं खात नाही, असं तोळ्याने प्रामाणिकपणे सांगितलं. आणि बाहेर? बाहेरचं त्याला दुकानवारच आठवत होतं. सकाळी बेकरीत केकचा तुकडा आणि दोन क्रीमची बिस्किटं. मग डेअरीत मलई घातलेलं गोड दूध. दुपारी खाणावळीत तळलेले बटाटे आणि तळलेलाच मासा. परतताना चॉकलेटच्या दुकानात मूठभर गोळ्या, त्या खिशात. बाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं आणि रोज इतका खर्च परवडतो कसा, असं विचारलं.

"खर्च कसला बाई? सगळं फुकट असतं," तोळा अभिमानाने म्हणाला. "त्यांचे काटे मी बघतो ना."

बाईंनी त्यावर भाषण दिलं नाही. काट्याच्या दुरुस्तीचे किती झाले, एवढंच विचारलं. तोळ्याने सवयीने हात हलवून राहू द्या म्हटलं. बाई म्हणाल्या की तपासणीची फी मी घेणार आहे, मग तुम्हीही तुमची सांगा. तोळा छताकडे बघत राहिला. त्याला आकडाच सुचेना. शेवटी बाईंनी दोन्ही बाजूंचं फिट्टंफाट करून टाकलं आणि एका कागदावर काय खायचं, काय बंद करायचं ते लिहून दिलं. बंदची यादी वाचताना तोळ्याला वाटलं, बाईंनी आपल्या गिऱ्हाइकांचीच यादी केली आहे.

दुसऱ्या दिवशी पंचाईत सुरू झाली. बायकोने डबा दिला होता: उकडलेल्या शेंगा, काकडी, दोन अंडी. डबा पिशवीत पितळी वजनांच्या पेटीशेजारी बसला. तोळा बेकरीत गेला, काट्याच्या ताटाखाली साचलेला पिठाचा थर खरवडून काढला, पायाचे स्क्रू फिरवून काटा सपाटीत आणला, वजनं ठेवून खात्री केली. नेहमीप्रमाणे बेकरीवाल्याने केकची बशी पुढे सरकवली. तोळ्याने ती हलकेच मागे सरकवली.

बेकरीवाला तोळ्याचा वीस वर्षांचा दोस्त. पोट पुढे, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. त्याला वाटलं, केक आवडला नाही. त्याने जाम भरलेला दुसरा आणला. तोही परत आल्यावर तोळा कशावरून तरी रागावलाय अशी त्याची खात्री पटली, आणि समजूत काढायला त्याने बिस्किटांचा एक पुडा थेट पिशवीतच कोंबला. तोळ्याने तो काढून गल्ल्यावर ठेवला, तब्येतीचं कारण सांगितलं आणि निघाला. रस्त्यावर आल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आज त्याने केकही खाल्ला नव्हता आणि पैसेही घेतले नव्हते. डेअरीत तेच झालं. खाणावळीत तर चिमणी साफ केल्यासारखा तेलकट काटा तासभर घासून तो रिकाम्या हाताने बाहेर पडला, कारण खाणावळीच्या मालकिणीला जेवणाशिवाय दुसरं काही द्यायचं असतं हेच माहीत नव्हतं, आणि मागायचं कसं हे तोळ्याला.

संध्याकाळी घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती एका मोठ्या लाँड्रीत दोन पाळ्या करायची. दिवसभर शर्टांची इस्त्री, आणि संध्याकाळी तासाभराच्या सुट्टीत घरी येऊन पुन्हा रात्री हॉटेलांच्या चादरी. रात्रीचं जेवण ती उभ्याउभ्याच उरकायची; नवरा तसाही पोट भरून आलेला असायचा. त्या संध्याकाळी मात्र नवऱ्याला कडकडून भूक लागली होती, आणि बऱ्याच वर्षांनी तिने दोन ताटं घेतली.

"आमच्या लाँड्रीत भिंतीवर पाटी आहे," ती म्हणाली. "शर्टाचा भाव, कोटाचा भाव. हातरुमालालासुद्धा भाव आहे. तुमच्या वीस वर्षांना काही भाव आहे की नाही?"

तोळा म्हणाला, इतक्या जुन्या माणसांकडे पैसे मागायला भीड वाटते.

"भीड भिकेची बहीण," बायको म्हणाली आणि चादरी मोजायला पळाली.

रविवारी दोघांनी बसून पाटी तयार केली. साधा काटा, धान्याचा मोठा काटा, बॅटरीवरचा काटा, नवी स्प्रिंग, घरी येण्याचे वेगळे. तोळा प्रत्येक भाव निम्मा सांगायचा आणि बायको तो दुप्पट करून लिहायची. शेवटच्या ओळीत तिने तिच्या इस्त्रीइतक्या कडक अक्षरात लिहिलं: खाण्याच्या बदल्यात काम होणार नाही. ही ओळ उद्धट वाटेल, असं तोळ्याचं म्हणणं पडलं. वाटू दे, असं तिचं.

पाटी पिशवीत घालून तो चार दिवस फिरला, पण बाहेर काढायचा धीर होईना. पाचव्या दिवशी बेकरीतून बोलावणं आलं. गिऱ्हाइकांची गर्दी होती, काटा हट्टाला पेटला होता, पाव किलोचं अर्धा किलो दाखवत होता. तोळ्याने तो दहा मिनिटांत वठणीवर आणला. गर्दी ओसरल्यावर त्याने पाटी गल्ल्यावर ठेवली आणि बेकरीवाल्याच्या तोंडाकडे न बघता खिडकीतल्या पावांकडे बघत राहिला.

बेकरीवाल्याने पाटी दोनदा वाचली. शेवटच्या ओळीवर त्याचं बोट बराच वेळ थांबलं.

"म्हणजे वीस वर्षं मी तुझे पैसे बुडवले, असं म्हणायचंय तुला?"

"मी कधी मागितलेच नाहीत," तोळा म्हणाला.

"आणि मला वाटायचं, तू माझ्याकडे खायलाच येतोस. काटा म्हणजे निमित्त. घरात बायको दिवसभर कामाला, म्हणून मी रोज मोठा तुकडा कापायचो तुझ्यासाठी."

तोळ्याचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. ज्याला तो मजुरी समजत होता तो केक म्हणजे दया होती, आणि बेकरीवाला ज्याला मैत्री समजत होता ती चाकरी होती; वीस वर्षं दोघांनी एकमेकांवर उपकार केले होते आणि दोघांनाही पत्ता नव्हता. आधी बेकरीवाल्यालाच हसू फुटलं. पोट गल्ल्यावर टेकवून तो इतका हसला की आतून भट्टीवाला बघायला आला. मग त्याने पाटीवरच्या भावाप्रमाणे पैसे मोजून दिले आणि भाव कमीच लावलाय असा शेराही मारला. बायकोने लावलाय, असं तोळ्याने सांगितल्यावर तो म्हणाला, मग तू लावलेला किती असेल ते देवच जाणे.

सगळीकडे असं हसतखेळत झालं नाही. चॉकलेटवाल्याने पाटी बघून पुन्हा बोलावलंच नाही. डेअरीवाला महिनाभर घासाघीस करत राहिला. खाणावळीच्या मालकिणीने मात्र पैसे तर दिलेच, शिवाय आपल्या बहिणीच्या दुकानाचा पत्ताही दिला. आणि एक गोष्ट तोळ्याला कुणी सांगितली नव्हती ती कळली: दुकानादुकानात बसून खाण्यात त्याचे दिवसाचे तीन तास जायचे. ते आता रिकामे झाले, आणि त्या तीन तासांत आणखी चार काटे होऊ लागले. दुपारी तो बाजारामागच्या बाकावर डबा खायचा, मग चालत पुढच्या गल्लीत जायचा. पहिले पंधरा दिवस काकडी चावताना तोंड वाईट व्हायचं. नंतर आज डब्यात काय असेल, मसूर, पालक की भाजलेला मासा, याची तो वाट बघू लागला. सहा महिन्यांनी त्याची विजार कमरेवर राहीना. बायकोने ती कमरेत आवळून शिवली आणि म्हणाली की लाँड्रीत याचाही भाव असतो.

त्याच सुमारास तिने चादरींची पाळी सोडली. बँकेत चार महिन्यांचा घरखर्च निघेल एवढी शिल्लक जमली होती, आणि ती शिल्लक दोघांनी न ठरवताच पवित्र मानली होती. पहिल्या संध्याकाळी ती खिडकीशी खुर्ची ओढून नुसती बसून राहिली. उजेड असताना आपल्या घराची भिंत कशी दिसते, हे तिला ठाऊकच नव्हतं. तिला रंग अजिबात आवडला नाही.

मग एक दिवस धान्याच्या बड्या व्यापाऱ्याने तोळ्याला बोलावलं. गोदामात सहा मोठे काटे होते, तोळ्याचं सगळ्यांत भारी गिऱ्हाईक. व्यापाऱ्याने दार लोटून घेतलं आणि गोड आवाजात सांगितलं की माल विकायच्या दोन काट्यांचा स्क्रू जरा इकडे फिरवून ठेव, पोत्यामागे मूठभर, कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही. तुझ्या पाटीवरच्या भावाच्या तिप्पट देईन. हे काम नसेल जमत, तर बाकीचे चार काटेही दुसरा कुणीतरी बघेल.

तोळ्याला स्वतःचंच नवल वाटलं, कारण त्याला घाम फुटला नाही. पूर्वीचा तोळा असता तर उद्या सांगतो म्हणाला असता आणि आठवडाभर तोंड लपवत फिरला असता. आता त्याने पितळी वजनं एकेक करून फडक्यात गुंडाळली, पेटीत ठेवली, पिशवीचा बंद ओढला.

"तुमचे सहाही काटे बरोबर आहेत शेठ," तो म्हणाला. "तसेच राहू द्या."

जिना उतरताना त्याला धाप लागली नाही. पण सहा काटे म्हणजे महिन्याची चांगलीच रक्कम होती. घरी जाईपर्यंत तो मनात बायकोला सांगायची वाक्यं जुळवत होता आणि प्रत्येक वाक्य त्याला लंगडं वाटत होतं.

बायको स्टूलवर उभी राहून भिंतीला पिवळ्या रंगाचा हात देत होती. त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं. ती ब्रश हातात धरून ऐकत राहिली. एक थेंब तिच्या पायावर पडला तरी तिने पाहिलं नाही.

"गोदामाला दर गुरुवारी जात होतात ना?" तिने विचारलं.

"हो. अख्खी सकाळ."

"मग गुरुवार मोकळा झाला," ती म्हणाली आणि दुसरा ब्रश त्याच्या हातात दिला. "वरचा कोपरा तुम्ही घ्या. माझा हात पोचत नाही."