निळ्या पट्टीचं घर

"अगं, भिंतीतून काय येतेस? दार आहे ना तिकडे!"

लेक थबकली. बैठकीतून ती थेट स्वयंपाकघरात शिरली होती. मुकाट्याने मागे फिरली आणि दारासाठी सोडलेल्या जागेतून वळसा घालून आत आली.

"पाय पूस," आई म्हणाली.

घर अजून फरशीवरच होतं. एका मोठ्या गोदामाच्या सिमेंटवर निळ्या चिकटपट्टीने त्याच्या सगळ्या भिंती पुऱ्या मापात आखल्या होत्या. ते ज्या वसाहतीत उभं राहणार होतं, तिची रीतच तशी होती. घरं चौदा, आणि चौदाही वेगळी. ज्याचं घर त्याने ठरवायचं. भिंती मात्र सगळ्यांच्या दाबलेल्या पेंढ्याच्या, चांगल्या दीड वीत जाड, वरून मातीचा गिलावा. छपरावरचं पाणी टाकीत साठायचं, आणि पंखा-हीटर शक्यतो लागूच नये अशी खिडक्यांची दिशा. भिंतींचे तुकडे कारखान्यात कापून येत आणि एकदा कापले की बदल नाही. म्हणून आधी घर घेणाऱ्यांनी अर्धा दिवस या पट्ट्यांमध्ये राहून बघायचं, जे खटकेल ते सांगायचं. शेवटी आखणीचे काका फरशीवर माप घेत आणि ते कारखान्याला कळवत.

आईने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले होते. कागदावरच्या नकाशाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. "अंगात घातल्याशिवाय काय कळतंय," म्हणाली होती. इथे मात्र ती रंगात आली. नसलेल्या कपाटातून नसलेले डबे काढून झाले, नसलेल्या खिडकीतून नसलेल्या शेजारणीला हटकून झालं.

"ओटा उंच झालाय."

"दोघींना चालेल असा घेतलाय, आई."

"दोघींना चालेल म्हणजे एकीलाही धड बसायचा नाही. फ्री साइझ!" मग काकांकडे वळून, "आणि काय हो, गवताच्या भिंती म्हणे. गाय आली म्हणजे?"

"तुमचं घर चौदावं आहे," काका चेहरा गंभीर ठेवून म्हणाले. "तिथे पोचेपर्यंत तिचं पोट भरेल."

आई इतकी हसली की तिला टेकायला बादली पालथी घालून द्यावी लागली. अलीकडे हसण्यानेही तिला धाप लागे.

बादली ठेवली ती आईच्याच खोलीत. उगवतीच्या खिडकीची, दहा फूट रुंद. तिला लागूनच लेकीची वाचायची खोली. लेक ग्रंथपाल, तिची निम्मी पुस्तकं अजून खोक्यांत होती.

"एवढी मोठी खोली काय करायची मला? नाचायचंय? त्यापेक्षा ग्रंथपालबाईंना कपाटं लावायला जागा होईल."

"माझं भागतंय."

आई पट्टीकडे बघतच म्हणाली, "हे सगळं माझ्यासाठीच चाललंय ना? डॉक्टर म्हणाले, एकटं ठेवू नका, म्हणून?"

लेक गिलाव्याचं माहितीपत्रक वाचत होती. "डॉक्टर म्हणालेच आहेत तसं," ती म्हणाली.

म्हणाले होते हे खरंच. पण डॉक्टरांनी म्हणायच्या वर्षभर आधी तिने ही जागा हेरून ठेवली होती, आणि रविवारी आईकडून परतताना प्रत्येक वेळी तिला आपल्या कुलूपबंद फ्लॅटचा कंटाळा येत होता. हे आईला सांगायचं राहिलं. त्यांच्या घरात कुणी कुणाला असलं काही सांगत नसे. ताप आला तर उशाशी बसून रात्र काढतील, पण बोलणार ते थर्मामीटरबद्दल.

तेवढ्यात काकांनी भिंतींचे नमुने दाखवायला लेकीला गोदामामागच्या खोलीत नेलं. अर्ध्या तासाने ती परतली तेव्हा आई बादलीवर बसली होती. हात धुळीने माखलेले, चेहरा घामेजलेला आणि खूश.

"झालं राहून. चल," आई म्हणाली. परतीच्या वाटेवर दोघी ओट्याच्या उंचीवरून भांडल्या आणि तीन फुटांना एक बोट कमी, यावर समेट झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मशीनवर बसल्या बसल्या आई गेली. सुईखाली शेजारच्या मुलीचा फ्रॉक होता.

तीन आठवड्यांनी काकांचा निरोप आला, एकदा येऊन जा. थोरल्या भावाने फोनवर सांगितलं, "आता ती खोली कशाला ठेवतेस? भिंत काढ, तुझी वाचायची खोली ऐसपैस होईल." त्याचं चूक नव्हतं.

काकांनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"सहीआधी एक दाखवायचं होतं. तुम्ही दोघी राहून गेलात त्याच संध्याकाळी मी माप घेतलं, ते जुळेना. कागदावर आईंची खोली दहा फूट. फरशीवर साडेआठ."

"तुमच्या माणसांकडून चुकलं असेल."

"मलाही आधी तसंच वाटलं. या इकडे." ते दोन खोल्यांमधल्या भिंतीपाशी वाकले. "आमची माणसं पट्टी फाडतात. ही बघा."

पट्टीचं टोक पाव इंच आत दुमडून नखाने दाबलेलं होतं. दुसरं टोकही तसंच. मधली बारा फुटांची रेघ कुठे केसभर वाकडी नव्हती. ग्राहकाला कळू न देता कपडा आत घ्यावा, तशी आईने स्वतःची खोली दीड फूट आत घेतली होती. त्या छातीने, गुडघ्यांवर रांगत, अर्ध्या तासात. आणि तो दीड फूट पुस्तकांना देऊन टाकला होता.

आपण ओझं आहोत असं तिला वाटलं होतं. ओझं निदान कमी जागेत मावावं, म्हणून.

"मग कुठलं माप धरू?" काकांनी हळूच विचारलं. "आता तसा काही..."

"कागदावरचं. दहा फूट."

"तिथे राहणार कोण?"

"ते नाही ठरलं. दहा धरा."

काका नवी पट्टी आणायला म्हणून निघून गेले. खिशात एक होती, तरी.

ती फरशीवर बसली. दुमडलेलं टोक सोडवून पट्टी हळूहळू उचलू लागली. मध्यावर पोचली तेव्हा हात थांबले. गोदामात कुणी नव्हतं. आवाज फुटला तो तिला स्वतःलाच परका वाटला.

"आई, डॉक्टरांचं नाव मी उगाच पुढे केलं. मला तुझ्याजवळ राहायचं होतं गं. मलाच."