दोघांचा एक कॅन

टेलर मास्तरांनी जन्मभर लोकांची मापं अचूक घेतली आणि स्वतःच्याच मापाचा मात्र पार घोळ घातला. त्याचं असं झालं, की मुतखडा मास्तरांनाही होता आणि त्यांच्या बायकोलाही. गेल्या वर्षी दवाखान्यातून दोघांना चोवीस तासांची लघवी साठवायला दोन कॅन दिले. या शहाण्या जोडप्याला वाटलं, पहिला भरला की दुसरा घ्यायचा. एक संसार, एक बाथरूम, मग कॅन वेगवेगळे कशाला?

तपासणीत कॅल्शियमचा भलताच फुगलेला आकडा आला. डॉक्टरीणबाईंनी खोदून विचारलं आणि बिंग फुटलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, बाईची किडनी आणि पुरुषाची किडनी कॅल्शियम एकाच तऱ्हेने सांभाळत नाहीत. खडा सारखा दिसला तरी आत काय बिघडलंय ते वेगळं असू शकतं. मला कुणाचं किती ते कळायला नको?"

बायको हसून हसून बेजार झाली. वाटेत म्हणाली, "पुढच्या खेपेला कळेलच, माझा खडा माझा आहे की तुमच्या सढळ हाताचा."

घरात स्वयंपाक मास्तरांकडे होता आणि मीठ ते सढळ हाताने घालायचे. वीस वर्षं त्यावरून दोघांची जुंपायची. पण त्या दिवशी ते मास्तरांच्या जिवाला लागलं. आपणच हिला रोज दुखणं वाढत आलो की काय, असं त्यांना वाटू लागलं.

पुढची खेप आलीच नाही. तीन आठवड्यांत ती हृदयविकाराने गेली. खडा राहिला बाजूलाच.

वर्षभराने मास्तर कॅन घेऊन गेले, तेव्हा दवाखान्याच्या खिडकीतल्या बाईंनी त्यांना ओळखलं. "या वेळी एकट्याचंच ना?" त्या हसत म्हणाल्या. बिचारीला काय ठाऊक.

"एकट्याचंच," मास्तर म्हणाले.

रिपोर्ट आल्यावर त्यांनी मापांच्या वहीतून जुना कागद काढून डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला. "हा दोघांचा आकडा. यातून आजचा माझा वजा केला, की उरलं ते तिचं ना? मिठामुळे झालं का, तेवढं सांगा."

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "मिठाने कॅल्शियम वाढतं, मास्तर. पण त्यांचं किती वाढलं होतं, ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. तुमचा त्या दिवसाचा आकडा वेगळा, आजचा वेगळा. वजाबाकी करून त्या नाही सापडायच्या."

मास्तरांनी कागदाची घडी होती तशीच घातली.

घरी येऊन त्यांनी भाजी केली, आणि ताट वाढून घेऊन बसले. भाजी अळणी होती. वर्षभर ते अळणीच जेवत होते. दोन घास झाल्यावर ते समोरच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाले, "आता तरी भांड की माझ्याशी."