बाईंच्या हाताला कळणारा डबा

मित्रांनो, पाच कप्पे असलेला मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. डबा म्हटले की तुम्हाला खाऊ आठवेल, पण माझ्यात खाण्याचे कधीच काही ठेवले गेले नाही. माझ्यात एका घराचा महिना ठेवला जात असे.

माझा जन्म गल्लीच्या टोकाला असलेल्या एका पत्रेकाम करणाऱ्याच्या दुकानात झाला. तेथे बादल्या, नरसाळी आणि टपालाच्या पेट्या बनत. एका सकाळी लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेले एक जोडपे दुकानात आले. नवरा लिफ्ट दुरुस्त करण्याचे काम करी. बायको घरी बसून तयार कपड्यांना काज-बटणे करून देई. या बायकोला मी पुढे जन्मभर मनातल्या मनात ‘बाई’ म्हणत आलो.

दोघे कमावत होते, तरी तिसऱ्या आठवड्यात हात रिकामे होत. यजमानांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत रोजचा खर्च लिहून पाहिला होता. पहिला आठवडा अक्षर सुंदर होते, मग चौकोन कोरेच राहू लागले. थोरल्या जाऊबाईंनी एक जाडजूड वही दिली होती. ती बाईंना पटली नव्हती.

“वहीत लिहायचं म्हणजे पैसे गेल्यावर रडायचं,” त्या यजमानांना म्हणाल्या. “मला जायच्या आधी कळायला हवं.”

कारागिराने विचारले, “कप्पे किती?”

“पाच,” बाई म्हणाल्या.

“भाडं, किराणा, दूध, औषध,” यजमानांनी बोटांवर मोजले. “पाचवा कशाला?”

“असू द्या. काहीतरी निघतंच.”

“एका पडद्याचे पैसे वाढतील,” कारागीर म्हणाला.

“मग झाकणाला कडी लावू नका, बिजागरीवर भागेल,” बाईंनी लगेच वजाबाकी केली. कारागीर हसला. त्याने माझी प्रत्येक कड आत दुमडून ठोकून ठोकून गुळगुळीत केली, कारण या बाई सुईकाम करतात आणि त्यांची बोटे कापून चालणार नाहीत, हे त्याने ऐकले होते.

मित्रांनो, माझ्या उमेदीच्या दिवसांबद्दल काय सांगू? पगाराच्या दिवशी यजमान घरी आले की हातपाय धुऊन चटईवर बसत. समोर बाई बसत. मधे मी. पाकीट उघडले जाई आणि एकेक नोट आपापल्या कप्प्यात जाई. एकदा यजमानांना सिनेमाला जायची लहर आली.

“औषधातून घेऊ या,” ते म्हणाले. “हसणं म्हणजे औषधच की.”

“मग डॉक्टरची चिठ्ठी आणा,” बाई म्हणाल्या.

शेवटी पाचव्या कप्प्यातून दोन तिकिटांचे पैसे निघाले. पुढे त्याच कप्प्यातून मुलाचे पहिले दप्तर आले, गळक्या नळाची दुरुस्ती झाली आणि दूरच्या भाचीच्या लग्नातला आहेरही निघाला. शेजारच्या बायका मला पाहायला येत. माझे झाकण उघडून म्हणत, “किती सुटसुटीत आहे हो.” मी पत्र्याचा असलो तरी मला ते ऐकायला आवडे.

वाईट दिवसही आले. लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना यजमानांचा पाय मोडला. ते कितीतरी दिवस घरी बसून होते आणि पगार अर्धाच येत होता. तेव्हा माझा तळ दिसू लागला. यजमान खोलीत असले की बाई माझे झाकण अगदी थोडेसे उघडत आणि आत हात घालून जे असेल ते काढत. तळ आपल्यालाच ठाऊक असावा, त्यांना दिसू नये, अशी त्यांची धडपड असे. यजमानांना ते कळत होते, पण दोघांनीही ते कधी बोलून दाखवले नाही. पाय बरा झाला, कप्पे पुन्हा भरू लागले.

मग वर्षे गेली. मुलगा मोठा झाला, कमावता झाला. यजमान एका हिवाळ्यात आजारी पडले आणि त्यातून उठले नाहीत. घर बदलले. नव्या घरात मुलाने एका संध्याकाळी आईला फोन दाखवला.

“हे बघ आई. खर्च झाला की हा आपोआप लिहून ठेवतो. कशावर किती गेले, सगळं रंगीत चक्रात दिसतं.”

“आणि डबा?”

“आता नोटाच कुठे येतात घरात ठेवायला?” मुलगा समजावणीच्या सुरात म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता. पगार थेट बँकेत जाई आणि दूधवालासुद्धा फोनवरच पैसे घेई.

माझ्यात खिळे, स्क्रू आणि विजेरीचे संपलेले सेल टाकले गेले आणि मला स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवण्यात आले. मुलाचे लग्न त्यानंतर झाले.

मित्रांनो, माळ्यावर अंधार होता, पण खरा त्रास अंधाराचा नव्हता. खाली सगळे घर चालू होते आणि मला ते फक्त ऐकू येत होते. सकाळी कुकरची शिट्टी, मग मुलाच्या बुटांचा आवाज, मग सूनबाईंची घाई. त्या दातांच्या दवाखान्यात काम करत. “आई, निघते हं,” असे म्हणून दार लागे. त्यानंतर संध्याकाळपर्यंत बाईंची सपाता घातलेली पावले तेवढी ऐकू येत. स्वयंपाकघर ते खिडकी, खिडकी ते स्वयंपाकघर. त्या खाली एकट्या होत्या आणि मी वर एकटा होतो. मधे फक्त एक फळी होती. एका सेलमधून काहीतरी पाझरले आणि माझा एक कोपरा खाऊ लागले. त्याचेही कोणाला कळले नाही.

पुढे पावलांची चाल बदलली. त्या आता भिंतीला हात लावत चालतात, हे मला आवाजावरून समजले. एकदा त्या सुनेला सांगत होत्या, “मधलंच पुसलं गेलंय गं. कडेकडेनं दिसतं. तुझ्याकडे बघते तर तू नाहीस, शेजारचं कपाट आहे.” डॉक्टरांनी सांगितले होते की गेलेली नजर परत येणार नाही.

यजमानांच्या नोकरीतून बाईंना दरमहा थोडी रक्कम येई. तीही आता मुलाच्या फोनमधूनच खर्च होई. मुलगा म्हणे, “तुला काय हवं ते सांग, मी आणतो.” तो आणतही असे. पण सांगावे लागे. हळूहळू बाईंनी सांगणे कमी केले. “काही नको रे, सगळं आहे,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले की ते सुरू होण्याआधीच मला ऐकू येई.

एका दुपारी खाली भांडे पडल्याचा आवाज झाला. त्यानंतर काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. मग काहीच ऐकू आले नाही. पावलेही नाहीत. मी वर बसून ऐकत राहिलो. मला ना हात, ना आवाज. सूनबाई दवाखान्यातून परत येईपर्यंत बाई तशाच फरशीवर होत्या.

त्या बऱ्या झाल्या. नुसती भोवळ होती. पण रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटे रिकामी असल्याचे सूनबाईंना दिसले.

“आई, गोळ्या संपून किती दिवस झाले?”

“होतील सात-आठ.”

“मागितल्या का नाहीत?”

बाईंच्या हातात रिकामे पाकीट चुरचुरले. मग म्हणाल्या, “सारखं काय मागायचं. परवाच तर चष्म्याचं झालं.”

सूनबाई खुर्ची ओढून बसल्या. “तुमचे पैसे तुमच्या हातात राहायला हवेत,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला काय सोयीचं पडतं ते शोधू.”

आणि शोध सुरू झाला. आधी त्यांनी फोनवरची अक्षरे मोठी केली. इतकी मोठी की पडद्यावर एकच आकडा मावे. “हा नऊ आहे,” बाई म्हणाल्या. “पण नऊ कशाचे?” मग त्याच फोनवर मोठ्याने बोलणारा हिशोब आला. तो घेऊन बाई मोठ्या हिमतीने शेजारणीबरोबर औषधाच्या दुकानात गेल्या आणि परत येताच त्यांनी पिशवी आपटून ठेवली.

“काय झालं?” सूनबाईंनी विचारले.

“माझ्यामागे चार माणसं उभी. हा सगळ्यांना सांगतोय माझ्याजवळ किती उरलेत. दुकानदार म्हणाला, मावशी, आहेत की पुष्कळ.”

सूनबाईंना हसू आले. मग ते थांबले. “आवाज कमी करता येतो, आई.”

“मग मला ऐकू येत नाही.”

नंतर वही आणि जाड काळे पेन आले. बाई लिहीत, पण ओळ कुठे संपली हे दिसत नसल्याने दुधावर भाजी आणि भाजीवर रिक्षा चढे. एका संध्याकाळी त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली.

“मला हाताला कळेल असं काहीतरी दे गं.”

“म्हणजे कसं?”

“माझा एक डबा होता. कप्प्यांचा.”

सूनबाईंनी मला कधी पाहिलेच नव्हते. मुलगा म्हणाला, “तो? त्यात खिळे आहेत,” आणि स्टूल घेऊन माळ्यावर चढला.

उजेडात आलो तेव्हा मला माझीच लाज वाटली. अंगावर गंज, एक कोपरा खाल्लेला, झाकण वाकडे. सूनबाईंनी वर्तमानपत्रावर खिळे ओतले, मला घासले, पुसले. मुलाने खाल्लेल्या कोपऱ्याला आतून पत्र्याचा तुकडा डकवला. मग मला बाईंच्या मांडीवर ठेवले गेले.

त्यांनी झाकण उघडले. डावीकडून एकेका कप्प्यात बोटे फिरली. बोटे पहिल्यापेक्षा बारीक झाली होती. पाचव्या कप्प्यापाशी ती थांबली. मला वाटते, त्यांना माझ्याइतकेच आठवत असावे.

आता कप्प्यांची कामे बदलली. औषध, भाजी, रिक्षा, देणंघेणं. पाचव्याला बाईंनी याही वेळी नाव दिले नाही. सूनबाई बँकेतून रोख पैसे आणतात. मोठ्या नोटेची चौघडी करायची, मधली एकदा दुमडायची, लहान सरळ ठेवायची, अशी दोघींनी खूण ठरवली आहे. बाई आता पिशवी आणि काठी घेऊन खालच्या भाजीवाल्याकडे जातात. गोळ्या संपायच्या आधी येतात. भाजीवाल्याशी दोन नाण्यांसाठी घासाघीसही करतात, आणि जिंकल्या की त्या दिवशी पावलांचा आवाज वेगळा असतो.

तुम्ही म्हणाल, मग सगळे छान झाले. मित्रांनो, पुष्कळसे झाले. पण दिवस अजून तेवढाच लांब आहे. दोघे कामावर गेले की बाई मला टेबलावर घेऊन बसतात. काही काढायचे नसले तरी झाकण उघडतात, नोटा चाचपतात, झाकण लावतात. मग खिडकीत जाऊन बसतात.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र सूनबाई त्यांच्यासमोर बसतात. नोटा कप्प्यांत लावायच्या असतात. काम खरे तर चहा निवेपर्यंत संपावे असे आहे, आणि सूनबाईंच्या मागे सुट्टीच्या दिवसाची सतरा कामे असतात. पण ते लवकर संपत नाही. बाई चौघडीची नोट रिक्षाच्या कप्प्यात टाकतात. मग म्हणतात, “थांब, चुकलं वाटतं.” सगळे बाहेर काढून पुन्हा सुरुवात होते. कधी मधेच विचारतात, “तुझ्या दवाखान्यात ती नवी मुलगी आली होती, ती टिकली का गं?” आणि उत्तर ऐकता ऐकता पुन्हा चुकतात.

मित्रांनो, मी त्या बोटांना ओळखतो. कोणती नोट कशी दुमडली आहे, हे त्यांना झाकण उघडताच कळते. ती बोटे एरवी कधी चुकत नाहीत. फक्त त्या रविवारीच चुकतात.

गेल्या रविवारी सूनबाईंचा फोन दोनदा वाजला होता. नोटा दुसऱ्यांदा बाहेर निघाल्या तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहिले, मग बाईंच्या बोटांकडे. बोटांनी चौघडी चाचपली, क्षणभर तशीच धरली आणि अलगद चुकीच्या कप्प्यात सोडली. सूनबाई पाहत राहिल्या. त्यांना कळले, हे मला कळले. त्यांनी फोन उचलून बंद केला आणि पालथा ठेवला.

“आई, मघाशी माझंच मोजताना चुकलं,” त्या म्हणाल्या. “पहिल्यापासून लावू या. आणि ती नवी मुलगी ना, तिची गंमतच सांगायची राहिली.”

मित्रांनो, तुमच्याही घरी कधी ना कधी हिशोब कशात ठेवायचा, असा विषय निघेल. फोन घ्या, वही घ्या, माझ्यासारखा डबा घ्या. फोनवर माझा राग नाही. ज्याला ते वापरायचे आहे त्याच्या हातात आधी देऊन बघा, आणि तो ‘काही नको’ म्हणाला तर लगेच खरे मानू नका. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तू टाकायच्या असल्या तर टाका. माणसाला मात्र माळ्यावर ठेवू नका. महिन्यातून एकदा तरी त्याच्यासमोर बसा, आणि तो हिशोबात चुकला तर घाई न करता पुन्हा मोजा.

आज सोमवार आहे. दार लागले. पावले जिन्यावरून उतरून गेली. बाईंनी आत्ताच माझे झाकण उघडले आहे. सगळ्या नोटा जागच्या जागी आहेत, हे त्यांना ठाऊक आहे. तरी त्या पहिल्या कप्प्यापासून हळूहळू मोजत आहेत.