सुरयांच्या टापूचा पत्ता

बातमी कुणीतरी फोडली होती, एवढं नक्की. आणि त्या रविवारी होडीत माणसं होती चारच.

वल्हं मारणारा सावळा ती फोडणार नव्हता, कारण टापू त्यानंच दाखवला होता. राहिले तिघं : लोणावळ्याच्या पक्षीमंडळाच्या उज्ज्वलाताई, मोटर वाइंडिंगचं दुकान चालवणारा इर्शाद आणि स्वतः राजाभाऊ गराडे. राजाभाऊंनी स्वतःला वगळलं. उरले दोन. उज्ज्वलाताईंवर संशय घ्यायची त्यांची छाती नव्हती. म्हणजे उरला एक.

पवना धरणाचं पाणी एप्रिलात उतरलं की मधली बुडालेली टेकाडं टापूंसारखी वर येतात. त्यातल्याच एका उघड्याबोडक्या टापूवर नदी सुरयांनी अंडी घातली होती. सुरय म्हणजे काळ्या टोपीचा, पिवळ्या चोचीचा, पाण्यावर सूर मारून मासा उचलणारा पक्षी. त्याचं घरटं असं नसतंच. मुरमात एक खळगा आणि त्यात खड्यांसारखी दिसणारी दोन-तीन अंडी. पाय पडला तरी कळू नये अशी. माणूस टापूवर उतरला की पाखरं उठतात, आणि पाखरं उठली की उन्हानं अंडी तापून आतल्या आत मरतात. हे सावळाला पुस्तक न वाचता ठाऊक होतं. म्हणून पंधरा दिवसांपूर्वी होडी टापूजवळ नेण्याआधी त्यानं तिघांना ओंजळीत धरणाचं पाणी घ्यायला लावलं होतं.

“म्हना, ह्यो टापू कुटं हाय ते कुनाला सांगनार न्हाई.”

तिघांनीही म्हटलं होतं. राजाभाऊंनी तर डोळे मिटून.

आणि बुधवारी उज्ज्वलाताईंना सावळाचा फोन आला. टापूवर परकी माणसं उतरली होती. “ताई, तुमच्यातलंच कुनीतरी बोललं. पुन्हा मानसं आली तर पाखरं टापू सोडत्याल. मग तुमची नि माजी वळख संपली म्हनून समजा.”

तेव्हापासून राजाभाऊंच्या मनात पाल चुकचुकत होती. त्या रविवारी परतताना पवनानगरला चहा घेतला, तेव्हा इर्शाद एका कॅम्पवाल्याला बाजूला घेऊन चांगली दहा मिनिटं बोलत होता. हाच कॅम्पवाला शनिवार-रविवारी पुण्याच्या पाहुण्यांना धरणात फिरवायचा. शिवाय इर्शादची ती हातभर लेन्स. फोटो काढणारा माणूस फोटो दाखवल्याशिवाय राहतो का? त्याच्या जागी आपल्याच आळीतला एखादा पोरगा असता तर इतक्या पटकन खात्री झाली असती का, असाही प्रश्न त्यांच्या मनात डोकावला होता. त्याचं उत्तर शोधायला ते थांबले नाहीत.

एरवी राजाभाऊ थांबणारे गृहस्थ. चाळीस वर्षं वाचनालयात काढलेली. लांबून उडालेला पक्षी शिक्रा की ससाणा याची शंभर टक्के खात्री नसेल तर वहीत प्रश्नचिन्ह टाकणारे. पण शुक्रवारी त्यांनी उज्ज्वलाताईंना फोन करून हलक्या आवाजात सांगितलं, “मला वाटतं, इर्शाद.” तिथे मात्र त्यांनी प्रश्नचिन्ह टाकलं नाही.

आज पुन्हा चौघं होडीत होते. घरटी शाबूत आहेत का, ते लांबूनच बघून यायचं होतं. सावळा वल्हं असं मारत होता, जणू पाण्यावर राग काढतोय.

“आज क्यामेरा न्हाई दिसत?” त्यानं इर्शादला विचारलं.

“आणलाय. पिशवीतच राहू दे. बाहेर काढला की सगळे पाखरांऐवजी माझ्याकडं बघतात.”

“बघणारच,” उज्ज्वलाताई म्हणाल्या. त्यांना आडून बोलणं जमत नसे. “त्या दिवशी कॅम्पवाल्याशी काय एवढं चाललं होतं तुझं?”

इर्शाद हसला, पण ते हसू ओठांपुरतंच. “त्याची पाण्याची मोटर जळली होती, ताई. मी मोटरी भरतो, विसरलात? तुमची पण दोनदा भरलीये.”

राजाभाऊ तुंग किल्ल्याच्या सुळक्याकडे बघत बसले. उत्तर फारच तयार होतं, त्यांना वाटलं. खऱ्याला इतकं पटकन उत्तर सुचत नाही.

टापू दिसू लागला आणि सावळाचं वल्हं थांबलं. काठाशी एक लाल प्लास्टिकची होडी ओढून ठेवलेली. वर, ऐन घरट्यांच्या बाजूला, गुडघ्यावर बसलेला एक तरुण, डोळ्याला कॅमेरा. त्याच्या डोक्यावर सगळी पाखरं ओरडत घिरट्या घालत होती. नऊ वाजत आले होते. ऊन चढू लागलं होतं.

“आलं बग तुजं पावनं,” सावळा इर्शादला म्हणाला.

“माझा कोण लागतो तो?”

“त्येलाच इचारू.”

घरटी नव्हती त्या टोकाला सावळानं होडी लावली. “राजाभाऊ, तुम्ही जा,” उज्ज्वलाताई म्हणाल्या. “तुमचा आवाज बारीक. पाखरं आणखी बिथरायची नाहीत. आणि पत्ता कुणी दिला, ते नाव घेऊनच या.”

राजाभाऊ परक्या माणसाशी बोलणं शक्यतो टाळत. तरी ते पाण्याच्या कडेकडेनं निघाले. नाव त्यांना ऐकायचं होतं.

तरुणानं त्यांना पाहिलं आणि तो चार पावलं खाली आला. चेहरा सज्जन होता. राजाभाऊंनी विचारलं, “तुम्हाला ही जागा... म्हणजे, कुणी सांगितली?”

“सांगायचं कुणी? पक्षीनोंदीच्या ॲपवर आहे ना.” त्यानं मोबाइल पुढे केला. “हे बघा. नदी सुरय, घरटी अकरा. बाकीचे लोक नुसतं पवना धरण म्हणून ठोकून देतात, नकाशावरची खूण धरणाच्या भिंतीवर असते. या काकांनी खूण बरोबर टापूवर ठेवलीये. इतका अचूक माणूस विरळा. राजेंद्र गराडे. ओळखता का?”

राजाभाऊंना ती संध्याकाळ आठवली. जानेवारीत नातीनं, अपेक्षानं, ते ॲप मोबाइलवर घालून दिलं होतं. त्या रविवारी घरी येऊन त्यांनी नोंद भरली. ॲपनं जागा दाखवली ती धरणाच्या भिंतीवर, टापूपासून कोसभर लांब. पक्षी नव्हता तिथे तो होता म्हणणं म्हणजे खोटी नोंद. म्हणून त्यांनी चष्मा पुसून, बोटानं ती लाल खूण सरकवत सरकवत टापूवर आणली होती. त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. फक्त नोंद केली होती. ती कुणी वाचेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांनी लिहिलेलं आजवर कुणी वाचलंच नव्हतं.

मागून सावळाचा आवाज पाण्यावरून स्वच्छ ऐकू आला. “ह्येला पुन्हा माज्या होडीत घेनार न्हाई, ताई. सांगून ठेवतो.” इर्शादचं उत्तर ऐकू आलं नाही.

परत जाऊन ‘नाव सांगितलं नाही त्यानं’ एवढं म्हणणं सोपं होतं. कुणी खोदून विचारलं नसतं.

“ओळखतो,” राजाभाऊ म्हणाले. “मीच तो. तुम्ही आधी इथून निघा. अंडी तापताहेत.”

“अरे वा, काका! पाचच मिनिटं. एक पाखरू बसतंय—”

राजाभाऊ लेन्सपुढे जाऊन उभे राहिले. “पाच नाही. आत्ता.” आवाज असा फाटला की त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. तरुण दोन क्षण बघत राहिला, मग पुटपुटत आपल्या होडीकडे गेला.

राजाभाऊ सावळाच्या होडीत चढले. टापू मागे पडू लागला.

“मिळालं नाव?” उज्ज्वलाताईंनी विचारलं.

“माझं,” राजाभाऊ म्हणाले. आणि त्यांनी ॲप, खूण, भिंत, सगळं अडखळत सांगितलं. मग आणखी एक राहिलं होतं, ते इर्शादकडे न बघता सांगितलं. “ताईंना तुझं नावही मीच दिलं होतं. शुक्रवारी.”

सावळानं विचारलं, “पुसता येतं का त्ये?”

राजाभाऊंनी खिशातून मोबाइल काढला. अक्षरं नीट दिसेनात. “इर्शाद, तुला जमेल का रे?”

“नाही, काका.” इर्शादचा आवाज शांत होता. “तुमचं तुम्हीच पुसा. मी हात लावला, तर उद्या म्हणाल, यानं काहीतरी केलं.”

राजाभाऊंनी मोबाइल धोतराच्या सावलीत धरला. एकदा चुकलं, दोनदा चुकलं. ‘ही नोंद कायमची काढायची का?’ असं ॲपनं विचारलं. त्यांनी ‘हो’वर बोट दाबून धरलं, गरजेपेक्षा जास्त वेळ.

“गेलं,” ते म्हणाले.

“ह्यातलं गेलं,” सावळा म्हणाला. “ज्यांनी वाचलं त्यांच्या डोस्क्यातलं कसं जानार?” त्यानं वल्हं होडीत आडवं टाकलं. “आता गप बसा समदी. पाखरं खाली बसतात का बगू द्या.”

एकेक पाखरू उतरू लागलं. तिघं श्वास धरून मोजत होते. इर्शाद राजाभाऊंकडे पाठ करून, दुसऱ्या काठाकडे बघत बसला होता.