डबीवरचा पोचा

मित्रांनो, मी एक जुनी चांदीची डबी आहे. आकाराने आवळ्याएवढी, पण माझा तोरा मोठा. कारण माझ्या पोटात लिंगायत माणूस जन्मभर अंगावर वागवतो आणि रोज पूजतो ते इष्टलिंग असतं आणि माझी जागा माणसाच्या छातीवर असते. लातूरच्या सराफाने मला घडवलं आणि मुरुडच्या एका किराणा दुकानदाराच्या घरी मी नांदायला आले. माझ्या पहिल्या मालकीणबाई, त्या घरच्या सासूबाई, वारल्या तेव्हा त्यांचं लिंग त्यांच्यासोबत मातीत गेलं आणि मी रिकामी उरले. मग कपाटात जुन्या चाव्यांच्या संगतीने काळी पडत राहिले. फार वाईट दिवस होते ते.

त्यांची सून शरणम्मा आपलं लिंग वस्त्रात बांधून गळ्यात घालायची. एके दिवशी तिने मला चिंचेने घासून लख्ख केलं आणि तिचं लिंग माझ्यात ठेवलं. निमित्त होतं कॅनडाचं. तिची लेक मंजुश्री तिथे पहिलटकरीण होती आणि येणाऱ्या बाळाला आजीने मलाच द्यायचं ठरवलं होतं. पण लेक फोनवर म्हणायची, "आई, तू नकोच येऊ. पूजेवाचून घास घेत न्हाईस, अन् तुला शुगर. विमानात चक्कर येऊन पडलीस तर?" शेवटी शरणम्माने शब्द दिला, "उपाशी राहणार न्हाई. बस्स."

शब्द देणं सोपं असतं. मुंबईहून विमान रात्री उडालं आणि पश्चिमेकडे असं पळत सुटलं, की दिवस उगवायचं नावच घेईना. शरणम्माचा नेम असा, की उजाडल्यावर पूजा आणि पूजेनंतर अन्न. हवाई सुंदरीने ताट आणलं, तिने परत केलं. पुन्हा आणलं, पुन्हा परत. पाय सुजले, कानांना दडे बसले. तिच्या छातीची धडधड वाढली, ती सगळ्यांत आधी मला कळली. मी घाबरले.

शेजारी हदगावचा आनंदराज बसला होता. तो तिकडेच नोकरीला होता. तो म्हणाला, "मावशी, तुमचे हात थरथरून राहिलेत. खाऊन घ्या की."

"पूजा व्हायची हाय, बाबा. दिवस तर उगवू दे."

"इथं दिवसाला लई उशीर हाय. मुरुडात दुकानं उघडली असतील."

"मुरुडात उघडली असतील. इथं तर अंधारच हाय न्हवं?"

अगं, सासूबाई काय म्हणायच्या ते आठव, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण डबीला कुठली वाचा? तेवढ्यात सवयीने तिचा हात माझ्यावर आला. माझ्या झाकणावर एक पोचा आहे, सासूबाईंच्या हातून मी पडले होते तेव्हाचा. तिचं बोट तिथे थांबलं.

"घरात मयत झाली तरी आमच्या सासूबाई पूजा चुकवत नव्हत्या," ती हळूच म्हणाली. "म्हणायच्या, लिंग अंगावर हाय, मग सुतक कशाचं अन् मुहूर्त कशाचा?" मग मला गळ्यातून काढत म्हणाली, "मग अंधाराचं तरी काय?"

आनंदराजने पाणी मागून घेतलं, डोक्यावरचा दिवा लावला. "मला तुमच्यातलं काही कळत न्हाई. काय धरू तेवढं सांगा," म्हणाला आणि पूजा होईस्तोवर पेला धरून बसला. शरणम्माने कपाळाला विभूती लावली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं. मग ती गार झालेला भात जेवली आणि तिचे हात स्थिर झाले. दिवस उगवला तेव्हा बाई डाराडूर झोपल्या होत्या.

विमानतळावर मंजुश्रीने आधी तेच विचारलं, "आई, जेवलीस ना?"

"हाव. पूजा करून जेवले."

लेकीला खरं वाटेना. सामान घेऊन मागून आलेला आनंदराज म्हणाला, "ताई, शीतसुद्धा ठेवलं न्हाई."

आता मी नातीच्या पाळण्याला बांधलेली आहे आणि माझ्या पोटात तिचं इवलंसं लिंग आहे. शरणम्माचं लिंग पुन्हा वस्त्रात गेलं. मित्रांनो, जुन्या वस्तू कपाटात कोंडू नका. मला घासा, उजळवा. पण सराफाकडे नेऊन तो पोचा तेवढा काढू नका. आणि ही पोर मोठी झाली की तो कुणाचा आहे ते तिला सांगा. मला बोलता येत नाही.